नवे यंत्र कोणाच्या तोंडासाठी?

दिवाळीच्या दिवसांत सर्वांत अधिक राबणारा अवयव दात, आणि दिवाळी अंकांतून सर्वांत कमी डोकावणारा अवयवही दातच. आम्हा कादंबरीकारांनी त्याला नायिकेच्या ओठांआड नेऊन बसविले आणि तेथे त्याची कुंदकळी केली, डाळिंबाचा दाणा केला, मोती केला. ठणकण्याची परवानगी मात्र त्याला कोणी दिली नाही. विरहाने रात्र रात्र तळमळणाऱ्या नायिका मी पुष्कळ वाचल्या; दाढ ठणकते म्हणून जागी राहिलेली एकही मला अद्याप भेटावयाची आहे. म्हणून वाचक चकलीचा तुकडा तोंडात घोळवीत हा अंक चाळत असतील अशा मुहूर्तावरच मी या विषयाला हात घालतो आहे. विषय कडू आहे आणि मी तो गोड करून सांगणार नाही.

निमित्त आहे ते आमच्या गावातल्या पाट्यांचे. भिवंडीत कल्याण नाक्याकडून वंजारपट्टी नाक्याकडे निघावे, म्हणजे वाटेत कोठे ना कोठे एक भला मोठा हसरा चेहरा वरून आपल्याकडे पाहत असतो. तो चेहरा यंत्रमागावरच्या कारागिराचा नव्हे, गोदामातल्या हमालाचा तर नव्हेच. त्याच्या दातांचा पांढरेपणा पाहून धुतलेल्या मलमलीलाही लाज वाटावी. खाली लिहिलेले असते: डिजिटल स्कॅनिंग, लेसर, इम्प्लांट, कोणालाही न दिसणारे अलाइनर, एका बैठकीत कॅप, आणि अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेने दातांची तपासणी. त्याच पाटीच्या खांबाला टेकून एखादा कारागीर पुडी फोडतो, मान मागे टाकून ती तोंडात रिकामी करतो आणि पाळीवर निघून जातो. गुटख्याला महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे हे त्याला ठाऊक असते, विकणाऱ्यालाही ठाऊक असते. वरच्या चेहऱ्याचा आणि खालच्या तोंडाचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. माझे भांडण आहे ते या संबंध नसण्याशी.

पहिला आक्षेप मला आताच ऐकू येतो. मास्तर, तुमचे शिक्षण किती? मॅट्रिक; वर चित्रकला शिक्षकाची पदविका. या शिदोरीवर मी दंतवैद्यकाच्या आधुनिक साधनांविषयी बोलावे, हा अगोचरपणा आहे असे कोणास वाटले तर खुशाल वाटो. दाढ दुखताना ती पदवी विचारीत नाही. आणि यंत्राविषयी बोलण्याचा अधिकार भिवंडीकराला कोणी देण्याची गरज नाही. हे गाव यंत्रावर जगते. हातमाग गेला, यंत्रमाग आला. आता साधे माग भंगारात निघत आहेत आणि रेपियर, एअरजेट येत आहेत. येथला अंगठेबहाद्दर मालकदेखील नवा माग घेण्यापूर्वी एक प्रश्न विचारतो: यावर कापड कोणते निघेल आणि ते घेईल कोण? माग दिसतो किती देखणा, हे कोणी विचारीत नाही. दंतवैद्यकाच्या नव्या यंत्रांना भिवंडीचा हाच प्रश्न मी विचारणार आहे.

यंत्रांचे मला कौतुक नाही असे मात्र कोणी समजू नये. १८९५ च्या अखेरीस राँटजेनने क्ष-किरण शोधले आणि अवघ्या काही आठवड्यांत जर्मनीतील ओटो वॉल्कहॉफ या दंतवैद्याने त्या किरणांनी स्वतःच्याच दातांचे चित्र घेतले. त्यासाठी त्याला २५ मिनिटे हालचाल न करता राहावे लागले. आज तेच काम पापणी लवण्याच्या आत होते. आणि कोन-बीम सीटी नावाचे यंत्र डोक्याभोवती एक फेरी मारून जबड्याचे हाड, त्यातून जाणारी मज्जातंतूची वाट, अक्कलदाढेची वाकडी मुळे, सारे लांबी-रुंदी-खोलीसह पुढे मांडते. स्वीडनमधील ब्रोनेमार्क सशाच्या हाडातील रक्ताभिसरणाचा अभ्यास करीत होते. १९५२ साली त्यांच्या ध्यानात आले की, हाडात बसविलेली टायटॅनियमची वस्तू काढू गेल्यास निघत नाही. हाडाने तिला आपली म्हटलेले असते. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात असे खुंट बसविले आणि ते त्याला चाळीस वर्षे पुरले. झुरिकमध्ये १९८५ साली मोरमान या दंतवैद्याने संगणकाच्या साह्याने कोरलेले भरण रुग्ण खुर्चीत बसलेला असतानाच बसवून दाखविले. क्योटोत तर २०२४ साली एका औषधाची माणसांवर चाचणी सुरू झाली. ज्यांना काही दात जन्मतःच आलेले नाहीत त्यांना ते पुढेमागे उगवावेत, हा तिचा हेतू आहे. आणि ज्याचा अर्धा जबडा कर्करोगापायी काढावा लागला, त्याच्या पायाच्या हाडाचा तुकडा घेऊन, त्रिमितीय छपाईने आधी साचा तयार करून, नवा जबडा रचणारे शल्यविशारद आज आपल्या देशात आहेत. अशा माणसांपुढे मी हात जोडतो. ही विद्या थोर आहे.

आता कापडाचे काय? इम्प्लांट बसतो तो दात गेल्यावर. कॅप बसते ती दात पोखरला गेल्यावर. अलाइनर आणि दात पांढरे करण्याचे प्रयोग बहुधा त्यांच्यासाठी, ज्यांचे दात मुळात धड आहेत. म्हणजे पाटीवरची बहुतेक यंत्रे एक तर दाताच्या तेराव्याला येतात, नाही तर त्याच्या लग्नाला. आजारपणात त्याच्या उशाशी बसणारे त्यांत जवळजवळ कोणी नाही.

अपवाद आहे तो कृत्रिम बुद्धिमत्तेचा. क्ष-किरण चित्रातील किडीची पहिली खूण संगणकाने हुडकून द्यावी अशा प्रणालींना अमेरिकेत २०२१-२२ पासून सरकारी मान्यता मिळत गेली, आणि आता त्या आपल्याकडेही येत आहेत. पडद्यावर दातांचे चित्र येते आणि जेथे संशय असेल तेथे रंगीत चौकट उमटते. पूर्वी आठवडी बाजारातून दाताचे किडे काढून दाखविणारे लोक फिरत. धुरी देत, नळी लावीत आणि शेवटी पानावर वळवळणारे चार किडे टाकून दाखवीत. त्या किड्यांचा दाताशी काही संबंध नसे. पण पाहणारा घाबरे आणि पैसे देई. पडद्यावरची कीड खरी असते, हा फार मोठा फरक आहे व तो मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. घाबरणे मात्र तेच आहे. दाताच्या वरच्या कवचातच असलेली, अद्याप खळगा न पडलेली कीड फ्लोराइडने आणि नीट निगा राखल्याने थांबविता येते, तिच्यावर ड्रिल चालविण्याचे कारण नसते, हे आजच्या दंतवैद्यकाचेच सांगणे आहे. तेव्हा ती चौकट पाहून ‘सहा महिन्यांनी पुन्हा पाहू’ म्हणावयाचे की ‘आजच भरून घ्या’ म्हणावयाचे? हे यंत्र ठरवीत नाही. पुष्कळदा ते ठरवितो यंत्राचा हप्ता.

या हप्त्याखाली वाकलेल्या तरुण दंतवैद्यांचा मला राग येत नाही, कणव येते. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये निघाली. त्यांतील खाजगी महाविद्यालयांची फी भरता भरता कित्येक बापांनी शेताचा तुकडा विकला. पदवी घेऊन मुलगी बाहेर पडते तो एकेका शहरात गल्लोगल्ली दवाखाने, आणि खेड्यात जावे तर खुर्चीचे भाडे सुटत नाही. मग कर्ज काढून स्कॅनर घ्यावयाचा, कर्ज काढून पाटी लावावयाची. महिन्याच्या पाच तारखेला बँक दारात उभी. अशा डॉक्टरने मुलाच्या दुधाच्या दाढेवर अर्धा तास घालवावा की एक इम्प्लांट बसवावा? यात तिचा लोभ शोधणारे शोधोत. मला त्यात हिशेब दिसतो, आणि तो हिशेब तिने मांडलेला नाही.

आता जरा वर्गात चला. पाठ्यपुस्तकातले शरीरशास्त्र शिकविणे माझ्या वाट्याला येत नाही. पण चित्रकलेच्या तासाला मुले मोकळी बोलतात. सहावीच्या वर्गाला मी एकदा विचारले, दात दुखला म्हणून रात्री कोण कोण जागे राहिले आहे? वर झालेले हात मोजण्यापेक्षा खाली राहिलेले मोजणे सोपे होते. एक मुलगी हसताना नेहमी तोंडावर पालथा हात धरते. लाजाळू असेल असे सर्वांना वाटे. तिची आई कांड्या भरावयास जाते. शाळेत आली तेव्हा मी विषय काढला तर म्हणाली, “सर, दुधाचीच दाढ आहे, पडेल आपली आपण. तेवढ्यासाठी खाडा कुठं करू?”

त्या माउलीचे चुकत होते असे म्हणण्याचा मला धीर होत नाही, तथापि वस्तुस्थिती सांगितली पाहिजे. दुधाची मागची दाढ पडते ती दहाव्या ते बाराव्या वर्षी. सहाव्या वर्षी किडलेली दाढ आपली आपण पडेपर्यंत चार-सहा वर्षे जातात आणि तोवर ते मूल एका बाजूने चावते, गार पाणी पिताना डोळे मिटते, रात्री लवंग धरून निजते. शिवाय सहाव्या वर्षीच, एकही दात न पाडता, सर्वांच्या मागे पहिली पक्की दाढ उगवते. घरोघरी तिलाही दुधाचीच समजतात. ती जन्माची सोबतीण असते आणि पुष्कळांची तीच आधी किडते.

मग जावयाचे कोठे? मुंबईत सरकारी दंत महाविद्यालय आहे, पालिकेचे नायर आहे. तेथे कमी पैशात चांगले काम होते. पण भिवंडी रोड स्टेशनावर थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. ठाण्याला किंवा कल्याणला रिक्षाने जा, तेथून लोकल धरा, रांगेत बसा. रूट कॅनाल म्हटले की असे दोन-तीन दिवस. मागावरच्या माणसाचे हे सारे खाडेच. गावातल्या वातानुकूलित दवाखान्यात हेच काम आठवडाभराच्या मजुरीत तरी बसेल का, ते त्यानेच विचारून पाहावे. एवंच दाढ काढून टाकणे हा त्याचा एकमेव परवडणारा उपचार होतो. आणि एकदा ती काढली, की पुढे इम्प्लांटची पाटी त्याची वाट पाहतच असते!

येथे वाचक म्हणतील, मास्तर गरिबीचे रडगाणे गाऊ लागले. नाही. मला म्हणावयाचे आहे ते याच्या उलट आहे. गरिबाच्या दातासाठी विज्ञानाने काही शोधलेलेच नाही, असे असते तर मी रडलो असतो. शोधले आहे, आणि ते पाटीवरच्या यंत्रांच्या तोडीचेच आधुनिक आहे. फक्त त्याची जाहिरात कोणी करीत नाही, कारण त्यात विकण्यासारखे फारसे काही नाही.

सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे नाव जिभेला जड आहे, पदार्थ मात्र थेंबभर. जपानात तो अर्धशतकाहून अधिक काळ वापरात आहे. किडलेला भाग पुसून कोरडा करावयाचा, बारीक ब्रशाने एक थेंब लावावयाचा, मिनिटभर थांबावयाचे. सुई नाही, ड्रिल नाही, वीज नाही. त्यातील चांदी किडीच्या जंतूंना मारते, फ्लोराइड दाताचे मऊ झालेले अंग कठीण करते आणि कीड बहुतांशी जागच्या जागी थांबते. मुळाशी पू झालेल्या दाताला हा उपाय लागू नाही, तेथे डॉक्टरच पाहिजे. त्याचे भावंड म्हणजे ग्लास आयोनोमर सिमेंट. लंडनच्या सरकारी रसायनशाळेत विल्सन आणि केंट यांनी ते तयार केले आणि १९७२ च्या सुमारास जगापुढे मांडले. ते दाताला रसायनाने चिकटते व हळूहळू फ्लोराइड सोडीत राहते. १९८० नंतर टांझानियात, जेथे विजेचा पत्ता नव्हता अशा ठिकाणी, दंतवैद्यांनी हातातल्या साध्या हत्यारांनी कीड खरवडून त्या जागी हे सिमेंट भरण्याची पद्धत बसविली आणि तेथून ती जगभर गेली. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे दोन्ही पदार्थ, आणि त्यांच्याबरोबर फ्लोराइडची साधी टूथपेस्ट, आवश्यक औषधांच्या यादीत घातली. ही सारी सामग्री माझ्या रंगपेटीत मावेल.

यावर एक आक्षेप आहे आणि तो खोटा नाही. त्या थेंबाने किडलेला भाग काळा पडतो, तो काळाच राहतो. म्हणजे श्रीमंताच्या मुलाला पांढरा दात आणि कारागिराच्या मुलाला काळा, हीच का तुमची समता, असे मला एका मित्राने विचारले. प्रश्न बोचरा आहे. माझे उत्तर असे: मागच्या दुधाच्या दाढेचा काळा डाग कोणाला दिसत नाही, ठणका मात्र वर्गभर दिसतो. पुढच्या दाताची गोष्ट वेगळी; तेथे वर सिमेंटचे भरण द्यावे, आईबापांना आणि मुलालाही आधी सांगावे, विचारावे, आणि ते नको म्हणाले तर दुसरा उपाय करावा. पांढरा दात हा त्या मुलीचाही हक्क आहे, हे मी एकदम मान्य करतो. पण पांढरा मिळेपर्यंत तिने ठणका सोसावा, असे ज्यांचे म्हणणे असेल त्यांनी एक रात्र तिच्या उशाशी बसावे.

दुसरी फळी आहे जुने ते सोने म्हणणाऱ्यांची. बाभळीची काडी आणि मीठ एवढ्यावर आमच्या आजीचे बत्तीसही दात शाबूत होते, हे नवे खूळ कशाला, असे ही मंडळी सांगत असतात. आजीच्या दातांना माझा नमस्कार. पण आजीच्या काळी टपरीवर पाच रुपयांची बिस्किटे आणि गोड सरबताच्या पुड्या टांगलेल्या नव्हत्या. शिवाय काडीच्या शेजारी, चुलीपाशी, आणखी एक डबी असे, तिचा उल्लेख हे लोक शिताफीने टाळतात. तंबाखू तव्यावर जाळून केलेली मिश्री! दात घासण्याच्या निमित्ताने ती महाराष्ट्रातल्या लाखो बायकांच्या तोंडात गेली आणि दिवसातून चार-चार वेळा जाऊ लागली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील १,०१,७६१ ग्रामस्थांची तोंडे तपासली आणि १९७२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एक लाखावर तोंडे, घरोघर जाऊन! तोंडाचा कर्करोग आणि त्याच्या आधीच्या खुणा तंबाखूच्या मागोमाग येतात, हे त्या कामाने आपल्याच मातीत दाखवून दिले. दंतमंजनात तंबाखू घालण्यास सरकारने बंदी केली ती १९९२ साली, म्हणजे वीस वर्षांनी. मिश्री आजही विकली जाते. परंपरेचा अभिमान धरावयाचा तर तो मेहतांच्या परंपरेचा धरू या.

कारण आमच्या गावात दाताहून मोठे संकट तोंडाचे आहे. सुपारी आणि गुटखा वर्षानुवर्षे चघळणाऱ्याच्या गालाची आतली त्वचा ताठ होत जाते, तिखट सोसत नाही, आणि हळूहळू तोंडच उघडेनासे होते. १९५३ साली डॉ. जोशी यांनी या विकाराचे वर्णन सबम्युकस फायब्रोसिस या नावाने केले. त्याच्या पहिल्या चाचणीला यंत्र लागत नाही. आपल्याच हाताची तीन बोटे एकावर एक धरून पुढच्या दातांच्या मध्ये शिरतात का, पाहावयाचे. दोनच शिरली तर डॉक्टरकडे जावयाचे. विशी-पंचविशीच्या पोरांच्या तोंडात जेथे दोन बोटे कशीबशी जातात, त्या गावाला हास्याची सजावट विकण्यास निघालेल्या जाहिरातदाराचे धैर्य असामान्यच म्हटले पाहिजे.

आणि असे पाहण्याने काय होते, असे कोणी विचारील तर त्याचेही उत्तर तयार आहे. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ पासून एक लाख नव्वद हजारांहून अधिक लोकांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांतील निम्म्यांच्या तोंडात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी उजेड धरून नुसते डोळ्यांनी पाहिले व संशयितांना पुढे पाठविले. २००५ साली निष्कर्ष आला: तंबाखू-दारूची सवय असणाऱ्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. कर्नाटकात पुढे कार्यकर्त्यांनी मोबाइलवर तोंडाची छायाचित्रे काढून दूरच्या तज्ज्ञांना पाठविण्याचे प्रयोग केले, आणि ती छायाचित्रे संगणकाने चाळून द्यावीत असे काम त्यावर चालू आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेला मी विरोध करतो आहे असे ज्यांना अजूनही वाटत असेल त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावे. मला ती भिवंडीत हवी आहे. फक्त ती पाटीवर नको, मागाच्या खात्यात हवी. पाळी बदलण्याच्या वेळी, दाराशी उभ्या असलेल्या कार्यकर्त्याच्या हातातल्या मोबाइलमध्ये.

हे करावयाचे कोणी? न्यूझीलंडने १९२१ साली तरुण मुलींना शिक्षण देऊन शाळांतील दंतपरिचारिका म्हणून नेमण्यास प्रारंभ केला. पोरांनी त्या दवाखान्याचे नाव खूनघर ठेवले होते म्हणतात. पोरे सगळीकडे सारखीच. पण पुढे जगातील कित्येक देशांनी तोच कित्ता गिरविला. आपल्याकडे डेंटल हायजीनिस्ट या वर्गाला १९४८ च्या दंतवैद्य कायद्यातच जागा होती. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या तपासणीत दंतक्षय धरलेला आहे. म्हणजे पाहण्याची सोय आहे. पाहिल्यावर तेथेच, त्याच बाकावर, थेंब लावण्याची सोय पाहिजे. हप्त्याखाली वाकलेल्या त्या शेकडो तरुण दंतवैद्यांना शासनाने आणि नगरपालिकांनी शाळांसाठी पगारी नेमावे, एकेका डॉक्टरकडे दहा-बारा शाळा द्याव्यात, आणि तिच्या हाताखाली दोन हायजीनिस्ट. पैसा कोठून येणार, हे विचारणाऱ्यांनी तंबाखूवरचा कर सरकार दरसाल गोळा करते याची आठवण ठेवावी.

आमच्या तालुक्यातील दंतवैद्यांना, विशेषतः ज्यांना या लेखाचा राग आला असेल त्यांना, माझे उघड निमंत्रण आहे. दिवाळीची सुटी संपल्यावर कोणत्याही शनिवारी सकाळी या. पालकांच्या संमतीचे कागद गोळा करण्याचे काम माझे. बरोबर टॉर्च, आरसे, हातमोजे आणि ती लहान बाटली आणा. खुर्ची नको, आमचा बाक चालेल. वीज गेली तरी अडणार नाही. सहावीचा वर्ग वरच्या मजल्यावर पूर्वेच्या बाजूला आहे, तेथे दहापर्यंत उजेड चांगला येतो.